रक्तातली चरबी आणि कर्माचा हिशेब

हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर उसाच्या मळ्यांत राबायला १८३४ पासून भारतातून गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून बोटीवर चढलेली कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात आणि त्या दिवशी देशाला सार्वजनिक सुट्टी असते. १९८०च्या दशकात या बेटावर मधुमेह आणि हृदयविकार यांनी ठाण मांडलं होतं. १९८७ साली तिथे लोकांच्या रक्ताची मोठी पाहणी झाली आणि सरकारने एक आरोग्य कार्यक्रम हाती घेतला. धूम्रपान सोडा, चाला, खाणं सांभाळा असा प्रचार त्यात होताच, पण एक निर्णय प्रचाराच्या पलीकडचा होता. सवलतीच्या दरात मिळणारं रेशनचं खाद्यतेल तोवर मुख्यत्वे पामतेल असे. त्याची जागा सरकारने मुख्यत्वे सोयाबीन तेलाला दिली.

पाच वर्षांनी, १९९२ मध्ये, पुन्हा रक्त तपासलं गेलं. लोकांचं सरासरी एकूण कोलेस्टेरॉल भारतातल्या प्रयोगशाळा वापरतात त्या मापात २१३च्या आसपास होतं, ते १८२च्या आसपास आलं होतं. एका अख्ख्या देशाच्या रक्तातून डेसिलिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅम उतरले. या पाच वर्षांत लोक काही बारीक झाले नव्हते, उलट वजनं वाढलीच होती. मधुमेहही हटला नव्हता. संशोधकांनी कोलेस्टेरॉलच्या या घसरणीतला मोठा वाटा बदललेल्या तेलाला दिला.

आता प्रश्न असा की हे पुण्य कुणाचं? ज्या बाईच्या कढईतलं तेल बदललं, तिने कुठलं व्रत घेतलं नव्हतं. जिभेवर ताबा मिळवला नव्हता. दुकानात गेली, नेहमीसारखी बाटली भरून घेतली, नेहमीसारखी भाजी फोडणीला टाकली. तिच्या नवऱ्याच्या धमन्या थोड्या सुरक्षित झाल्या, त्या तिच्या किंवा त्याच्या संयमामुळे नव्हेत. मग त्याआधीच्या वर्षांत त्याच घरातला कुणी चाळिशीत छातीला हात लावून कोसळला असेल, तर ते पाप तरी त्याचं कसं?

हृदयविकाराबद्दल आपल्याकडे दोन तऱ्हेने बोललं जातं. जुनी तऱ्हा प्रारब्धाची. भोग होते, भोगले. आयुष्याची दोरी तेवढीच होती. नवी तऱ्हा जीवनशैलीची. खाण्यावर ताबा नव्हता, चालत नव्हता, गोळ्या वेळेवर घेत नव्हता, आता कुणाला दोष देणार? पहिल्या बोलण्यात मागच्या जन्मीचं कर्म आहे, दुसऱ्यात या जन्मीचं. एकाला आपण अंधश्रद्धा म्हणतो, दुसऱ्याला वैद्यकीय सल्ला. तरी दोन्हींची घडण एकच आहे. दोन्हींत सगळा हिशेब एकाच माणसाच्या खात्यावर लिहिला जातो आणि त्याचं जग, त्याचा पगार, त्याच्या नाक्यावरचं दुकान हिशेबाबाहेर राहतं.

हा हिशेब तपासून पाहण्याची संधी लंडनने दिली. १९६७ साली व्हाइटहॉलमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या कचेऱ्यांत, सुमारे १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांची तपासणी सुरू झाली. सगळे एकाच शहरातले, सगळ्यांना कायमची नोकरी, सगळ्यांना सरकारी आरोग्यसेवा मोफत. कुणी उपाशी नव्हतं. तरीही १९७८ साली मायकेल मार्मट आणि जेफ्री रोझ यांच्या गटाने आकडे मांडले, तेव्हा सर्वांत खालच्या श्रेणीतल्या शिपाई-निरोप्यांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वांत वरच्या साहेबांपेक्षा साडेतीन पटींहून जास्त निघालं. वरपासून खालपर्यंत प्रत्येक पायरीला मृत्यूचं प्रमाण चढत गेलेलं दिसलं. खालच्या श्रेणीत धूम्रपान जास्त होतं, रक्तदाब जास्त होता. पण हे सगळं वजा केलं तरी फरक उरलाच. आणि कोलेस्टेरॉल? ते साहेब लोकांचंच किंचित जास्त होतं.

या एका तपशिलाने सोप्या नीतिकथेची पंचाईत होते. चरबी ज्याच्या रक्तात जास्त, तो मरायला हवा होता. मेला मात्र ज्याच्या हातात स्वतःच्या दिवसाचा ताबा कमी, तो. म्हणून कोलेस्टेरॉल निर्दोष ठरतं असं कुणी समजू नये. एलडीएल, म्हणजे ज्याला लोक वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात, ते धमन्यांच्या भिंतीत साचतं आणि अडथळे तयार करतं, यात आज शंका उरलेली नाही. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना रक्तातलं हे कोलेस्टेरॉल पेशी कशा उचलतात याच्या शोधासाठी १९८५चं नोबेल मिळालं, आणि ते कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनी जगभर असंख्य लोक वाचले आहेत. मुद्दा एवढाच की रक्तातला आकडा ही गोष्टीची एक बाजू झाली. तो आकडा कुठल्या माणसाच्या अंगात आहे, त्याच्या ताटात आणखी काय आहे आणि दुखायला लागल्यावर तो किती वेळात कुठे पोचतो, या बाजूही तितक्याच वजनाच्या आहेत.

ताटाचंच पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीने तामिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड इथल्या लोकांचं रक्त तपासलं. निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. ७९ टक्के लोकांच्या रक्तातल्या चरबीत काही ना काही बिघाड होता. पण एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले सुमारे १४ टक्केच होते. सर्वांत मोठा बिघाड होता तो चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, कमी असण्याचा. तो ७२ टक्क्यांहून अधिक लोकांत आढळला. त्याखालोखाल ट्रायग्लिसराइड वाढलेले होते. हा काही तुपात लोळणाऱ्या श्रीमंतांचा नमुना नाही. भाताचा ढीग आणि त्यावर पातळ आमटी, चहातली साखर, मैद्याचं बिस्कीट आणि क्वचितच दिसणारं फळ किंवा मूठभर शेंगदाणे, अशा ताटाशी हा नमुना जुळतो.

असं ताट कुणी निवडतं का? अठरा देशांत चाललेल्या ‘प्युअर’ अभ्यासाने २०१६ साली एक साधा हिशेब केला. माणसाने दिवसाला फळांचे दोन आणि भाज्यांचे तीन वाटे खावेत हा सर्वमान्य सल्ला. तो पाळायचा तर खर्च किती? श्रीमंत देशांत घरातल्या माणशी उत्पन्नाच्या दोन टक्क्यांहूनही कमी. गरीब देशांत ५२ टक्के. ज्याचं निम्मं उत्पन्न पाच वाट्यांत संपेल, त्याने भाडं, शाळेची फी आणि आईचं औषध कशातून भागवायचं? बांधकामावर विटा वाहणाऱ्या माणसाला दुपारी अंगात ताकद हवी असते, आणि ताकदीच्या हिशेबात तेल, साखर आणि मैदा यांच्याइतकं स्वस्त बाजारात दुसरं काही नाही. तो वडापाव खातो तेव्हा चोचले पुरवत नसतो. खिशातल्या पैशांत संध्याकाळपर्यंत उभं राहायची सोय बघत असतो.

इथे आपल्या परंपरेतल्या आहारविचाराकडेही वळून पाहायला हवं. गीतेच्या सहाव्या अध्यायात खाणं आणि वागणं बेताचं ठेवण्याचा उपदेश आहे, सतराव्यात आहाराच्या सात्त्विक, राजस, तामस अशा तीन परी सांगितल्या आहेत. स्निग्ध, रसाळ, टिकाऊ अन्न सात्त्विक. गार झालेलं, शिळं, उष्टं अन्न तामस. गीता हे माणसाच्या आवडीबद्दल बोलते, कुणाला काय आवडतं यावरून त्याचा स्वभाव ओळखावा असं सांगते. पण शतकानुशतकं हा विचार उलट्या दिशेने वापरला गेला. ज्याच्या ताटात शिळं, तो माणूसच तामस. रानात निघालेल्या बाईच्या फडक्यातली शिळी ज्वारीची भाकरी, ठेचा आणि कांदा यांना या उतरंडीत खालची जागा मिळाली, आणि तुपात थबथबलेल्या शिऱ्याला वरची. धमन्यांना विचाराल तर त्या भाकरीच्या बाजूने कौल देतील. ज्वारीतला चोथा, दाण्याची चटणी, रानातली पालेभाजी यांच्यावर आज आहारतज्ज्ञ सल्ल्याची पानं भरतात. आणि हे अन्न गरिबाच्या ताटातून उठतंय, कारण ज्वारीपेक्षा रेशनचा गहू-तांदूळ स्वस्त पडतो.

गरिबी आपोआप हृदयविकार आणत नाही, हेही इथे सांगायला हवं. बोलिव्हियाच्या जंगलात राहणारे त्सिमाने लोक पैशाच्या मापाने अत्यंत गरीब आहेत. २०१७ साली त्यांच्या सातशेहून अधिक प्रौढांच्या हृदयाच्या धमन्या स्कॅन केल्या, तेव्हा ८५ टक्के लोकांच्या धमन्यांत, अडथळ्यांची खूण असलेल्या कॅल्शियमचा मागमूसही नव्हता. त्यांचं एलडीएल सरासरी ९०च्या आसपास. केळी, कसावा, भात, मासे, शिकार आणि दिवसभराचे कष्ट. म्हणजे हातात पैसा कमी असला तरी चालतं, जोवर अन्न स्वतःच्या रानातून आणि नदीतून येतं. पैसा नाही आणि अन्न मात्र बाजारातूनच आणावं लागतं, अशी अवस्था झाली की काळीज धोक्यात येतं. मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत राहणारा माणूस नेमका या अवस्थेत असतो.

आता प्रारब्धाकडे येऊ. कारण विज्ञानाने गेल्या चाळीस वर्षांत प्रारब्धासारखंच काहीतरी शोधून काढलं आहे. इंग्लंडच्या हर्टफर्डशरमध्ये एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या आरोग्यसेविकेच्या देखरेखीखाली १९११ पासून प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि वर्षाचं वजन वह्यांत नोंदलं जाई. डेव्हिड बार्कर यांनी त्या वह्या मिळवल्या, त्या बाळांपैकी पाच हजारांहून अधिक पुरुषांचं पुढे काय झालं ते शोधलं आणि १९८९ साली दाखवलं की वर्षाचे असताना ज्यांचं वजन कमी होतं, ते मोठेपणी हृदयविकाराने जास्त मेले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. या बाया दिवसभर शेतात राबत, पाणी वाहत, आणि स्वतः अपुरं खात. त्यांची बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आत भरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्पटनची बाळं साडेतीन किलोच्या आसपास होती. पुण्याकडच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी मात्र त्यांनी राखून ठेवली होती. किडकिडीत दिसणारं आणि तरीही चरबी बाळगणारं हे शरीर पुढे सुबत्तेचं अन्न मिळालं की मधुमेह आणि हृदयविकाराकडे लवकर झुकतं.

म्हणजे जन्माला येतानाच माणूस काही घेऊन येतो, हे खरं ठरलं. फक्त ते त्याच्या मागच्या जन्मीचं कर्म नाही. ती त्याच्या आईची भूक आहे. तिच्या ताटात शेवटी उरलेला घास, सातव्या महिन्यात तिच्या डोक्यावर असलेला हंडा, तिला न मिळालेलं दूध. फळ भोगणारा एक आणि कर्म करणारे अनेक, आणि त्या अनेकांत सासर, गाव आणि सरकार सगळे आले. याला प्रारब्ध म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं, पण मग ते बदलण्याची जबाबदारी कुणावर येते हेही त्याच श्वासात सांगावं.

कर्माच्या सिद्धांताला हा आक्षेप आधुनिक नाही. पाली ग्रंथांत मोलियसीवक नावाच्या परिव्राजकाचा प्रसंग आहे. त्याने राजगृहात बुद्धांना विचारलं की माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळे, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, तुमचं मत काय? बुद्धांनी आठ कारणं सांगितली. पित्त, कफ, वात, तिन्हींचा एकत्र बिघाड, ऋतूंचा बदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्मविपाक. सगळं काही पूर्वकर्मामुळे म्हणणारे लोक स्वतःच्या अनुभवाला आणि जगाला माहीत असलेल्या सत्याला सोडून बोलतात, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. रोगाच्या कारणांत कर्माला आठातली एक जागा!

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा धागा शेवटपर्यंत नेला. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पना तपासली आणि विचारलं की असा सिद्धांत रचण्यामागे हेतू कोणता असेल? त्यांचं उत्तर असं की गरीब आणि खालच्या थरातल्या लोकांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याला आणि समाजाला टाळता यावी, याखेरीज दुसरा हेतू दिसत नाही. हे वाक्य त्यांनी कोलेस्टेरॉलबद्दल लिहिलेलं नाही. पण आज ‘जीवनशैलीचा आजार’ हे शब्द ज्या सहजतेने वापरले जातात, ते पाहता बाबासाहेबांचा प्रश्न या शब्दांनाही विचारावा लागतो. त्यांतून कुणाची सुटका होते?

आणि वैदिक परंपरेतल्या वैद्यांनीही हा प्रश्न ओळखला होता, हे फारसं सांगितलं जात नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात तिसरा अध्याय जनपदोद्ध्वंसावर, म्हणजे गावंच्या गावं उजाड करणाऱ्या रोगांवर आहे. उन्हाळ्याच्या शेवटी, पांचाल देशातल्या कांपिल्य नगरीत गंगेच्या काठी पुनर्वसू आत्रेय शिष्यांसह हिंडत असतात. अग्निवेश विचारतो की माणसांच्या प्रकृती वेगळ्या, आहार वेगळा, बळ वेगळं, वय वेगळं, मग एकाच रोगाने एकाच वेळी सगळे कसे मरतात? आत्रेय म्हणतात की प्रकृती वेगळी असली तरी हवा, पाणी, देश आणि काळ सर्वांना समान आहेत. ते बिघडले की सगळे आजारी पडतात. मग अग्निवेश त्याच्या मुळाशी जातो. हे चार तरी कशाने बिघडतात? अधर्माने. आणि तो अधर्म कुठून सुरू होतो? देशाच्या, नगराच्या, जनपदाच्या प्रमुखांपासून. ते धर्म सोडून प्रजेशी वागू लागले की त्यांचे आश्रित, नागरिक आणि व्यापारावर जगणारे तो अधर्म वाढवत नेतात.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याने व्यापाऱ्यांचं नाव घेतलं आहे, आणि आजचा हृदयविकार तर अग्निवेशाच्या प्रश्नात चपखल बसतो. हवा-पाण्याइतकंच आज तेलही सर्वांना समान आहे. ते कुठल्या देशातून आयात होतं, त्यावर कर किती, रेशनला कुठलं मिळतं, बेकरीत कुठलं वापरलं जातं, हे खाणारा ठरवत नाही. वनस्पती तुपातली ट्रान्स फॅट धमन्यांना किती घातक आहे हे कळून दशकं उलटली, तरी भारतात तिचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आत आणण्याचा नियम लागू झाला जानेवारी २०२२ मध्ये. मधल्या काळात ज्यांनी स्वस्त खारी आणि डालड्यातली मिठाई खाल्ली, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

यावर रास्त आक्षेप येईल. मग माणसाने स्वतः काहीच करायचं नाही का? पगार चांगला, फ्रीज भरलेला, डॉक्टर हाकेच्या अंतरावर, आणि तरीही रोज रात्री तळलेलं आणि सिगारेट, अशा माणसालाही आपण पीडित म्हणायचं? नाही. चरकाच्या त्याच अध्यायात दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा स्वतःचा प्रयत्न, यांचाही विचार आहे, आणि दुबळ्या दैवावर बलवान पुरुषकार मात करतो असं सांगितलं आहे. पण पुरुषकाराला हातात काहीतरी असावं लागतं. ज्याला निवडीची मोकळीक जास्त, त्याचा दोषही जास्त आणि श्रेयही जास्त. व्हाइटहॉलच्या शिपायाला आणि साहेबाला एकाच मापाने मोजणं हा न्याय नाही.

शिवाय पुरुषकार एकट्यानेच करायचा असतो असंही नाही. फिनलंडच्या उत्तर करेलिया प्रांतात, लाकूडतोड्यांच्या आणि छोट्या दूधउत्पादकांच्या गरीब मुलखात, मध्यमवयीन पुरुष हृदयविकाराने झपाट्याने मरत होते. १९७१ साली तिथल्या लोकांनी सरकारकडे मदतीची मागणी केली. १९७२ पासून पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झालं. लोण्याऐवजी वनस्पती तेल, मीठ कमी, गावोगाव बायकांच्या मंडळांतून नव्या पाककृती, डेअरीवाल्यांना बेरींच्या शेतीकडे वळायला मदत. काही दशकांत कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. हाही संयमच, पण संपूर्ण प्रांताने मिळून पाळलेला, आणि तो पाळता यावा म्हणून दुकानापासून गोठ्यापर्यंत सगळं बदललेलं.

भारतात उलट्या टोकाचा पुरावा आहे. देशभरातल्या ८९ रुग्णालयांतले २० हजारांहून अधिक हृदयरुग्ण तपासणारा ‘क्रिएट’ अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. महिनाभरात मरणाऱ्यांचं प्रमाण श्रीमंत रुग्णांत ५.५ टक्के, गरिबांत ८.२. संशोधकांनी दोघांना मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात घेतला, तेव्हा मृत्यूंमधला फरक नाहीसा झाला. गरिबाचं हृदय वेगळं नव्हतं, त्याला मिळालेली औषधं आणि प्रक्रिया कमी होत्या. ‘प्युअर’च्या २०१४च्या निष्कर्षांतही हेच दिसलं. कोलेस्टेरॉल, रक्तदाब, धूम्रपान धरून काढलेला धोक्याचा आकडा श्रीमंत देशांत सर्वाधिक होता, आणि प्रत्यक्ष मृत्यू गरीब देशांत सर्वाधिक.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर प्रश्न आपल्या दारात आहे. २०२२च्या दिवाळीत राज्य सरकारने दीड कोटीहून अधिक शिधापत्रिकाधारकांसाठी ‘आनंदाचा शिधा’ जाहीर केला. शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो चणाडाळ आणि एक लिटर पामतेल. सणाला गरिबाच्या घरी गोडधोड व्हावं ही भावना शंभर नंबरी आहे, आणि एका दिवाळीच्या करंज्यांनी कुणाच्या धमन्या बंद होत नाहीत. पण पिशवीत पामतेल होतं, कारण ते स्वस्त आहे, आणि गरिबाच्या घरात वर्षभर तेच असतं त्याचंही कारण हेच. पामतेलातली निम्मी चरबी संपृक्त, म्हणजे एलडीएल वाढवणारी, असते. शेंगदाणा तेलात ती पाचव्या हिश्शाच्या आसपास, करडईत दहाव्या हिश्शाच्याही आत. शेंगदाणा आणि करडई ही महाराष्ट्राचीच पिकं, मराठवाड्याच्या आणि खानदेशाच्या घाण्यांवर पिढ्यानपिढ्या गाळलेली. दुसरीकडे, धमनी बंद पडल्यावर हेच राज्य महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून गरिबाच्या अँजिओप्लास्टीचा खर्च उचलतं. चांगलं करतं. ज्या तिजोरीतून स्टेंटचे पैसे जातात, तिच्यातूनच तेलातल्या फरकाचेही जाऊ शकतात. रेशनचं तेल बदलता येतं हे मॉरिशसने दाखवलं आहे.

म्हणून मागणी साधी आहे. शिध्याच्या पिशवीत आणि शाळेच्या पोषण आहारात कुठलं तेल जाईल, हे ठरवणाऱ्या बैठकीत दराच्या रकान्याशेजारी संपृक्त चरबीचाही रकाना असावा, आणि तिथे एक हृदयरोगतज्ज्ञ बसलेला असावा. ज्वारी-नाचणी रेशनवर बारमाही मिळावी. स्टॅटिनची आणि रक्तदाबाची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात कधीही संपू नये. आणि वाचकांनी पुढच्या वेळी अतिदक्षता विभागाबाहेर एखाद्या रिक्षावाल्याच्या किंवा कामवाल्या मावशींच्या घरच्यांशेजारी उभं राहताना ‘पथ्य पाळलं नाही ना’ हा प्रश्न गिळून टाकावा, आणि त्यांना पुढच्या सहा महिन्यांच्या गोळ्या कुठून मिळणार आहेत ते विचारावं.